पहाटेच्या स्वप्नात जागे राहणे : सजग स्वप्नांची साधना आणि अमिरातीतील अपुरी रात्र

पहाटेचे स्वप्न खरे होते, अशी समजूत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ते खरे होते की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु पहाटेचीच स्वप्ने लांब, रेखीव आणि लक्षात राहणारी का असतात, याचे उत्तर निद्राशास्त्राजवळ आहे. आणि नेमकी हीच पहाट दुबई, अबुधाबी, शारजा येथे नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येत नाही. घड्याळाचा गजर ती कापून टाकतो.

स्वप्न पाहत असतानाच 'हे स्वप्न आहे' याची जाणीव होणे, याला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. मराठीत त्यास सजग स्वप्न म्हणता येईल. गेल्या काही वर्षांत या विषयावरील ॲप, मुखवटे आणि गोळ्या यांची बाजारपेठ वाढली आहे. या साधनेमागील शास्त्र काय, आपल्या परंपरेत तिचे स्थान कोणते, ती कशी करावी आणि आखाती दिनक्रमात ती कितपत शक्य आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सजग स्वप्न म्हणजे काय, आणि काय नव्हे

सजग स्वप्नाची एकच अट आहे: झोप न मोडता स्वप्नाला स्वप्न म्हणून ओळखणे. स्वप्नातील घटनांवर ताबा मिळवणे ही निराळी गोष्ट होय. कित्येकदा जाणीव होते, पण दृश्य आपल्या इच्छेप्रमाणे बदलत नाही. तसेच दिवास्वप्न, मनोराज्य किंवा भविष्यसूचक मानले जाणारे स्वप्न यांचा या संज्ञेत समावेश होत नाही. ही संज्ञा डच लेखक व मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक फान एडन यांनी १९१३ मध्ये आपल्या निबंधातून रूढ केली. त्यापूर्वी १८६७ मध्ये फ्रेंच अभ्यासक एर्वे द सँ-दनी यांनी स्वतःच्या स्वप्नांच्या दीर्घ नोंदींवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

हा अनुभव दुर्मीळ नाही. २०१६ मध्ये अनेक पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी सजग स्वप्न पडलेले असते, तर सुमारे २३ टक्के लोकांना ते महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा पडते. साधना लागते ती हा अनुभव इच्छेनुसार आणि वरचेवर यावा यासाठी.

रात्रीची रचना

झोप ही एकसंध अवस्था नाही. साधारण ९० मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार ते सहा आवर्तने मिळून रात्र होते. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि शेवटी रेम झोप येते. रेम अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात, मेंदू जागेपणासारखा सक्रिय असतो आणि हातापायांचे स्नायू शिथिल होऊन जणू कुलूपबंद होतात. आपली बहुतेक चित्रमय स्वप्ने याच अवस्थेतील असतात.

महत्त्वाची बाब अशी की ही वाटणी रात्रभर सारखी नसते. पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचे प्राबल्य असते आणि रेमचा टप्पा काही मिनिटांतच संपतो. रात्र सरत जाते तसा तो लांबत जाऊन शेवटच्या आवर्तनांत अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहून अधिक होतो. म्हणूनच पहाटेची स्वप्ने लांब असतात, आणि त्यांतून थेट जाग येत असल्यामुळे ती आठवतात. रात्री बाराला झोपून साडेपाचला उठणारा मनुष्य आठ तासांपैकी अडीच तास गमावतो, असा साधा हिशेब वाटतो. प्रत्यक्षात स्वप्नांच्या दृष्टीने तो रात्रीचा सर्वांत समृद्ध भाग गमावत असतो.

प्रयोगशाळेतील साक्ष

झोपेत जाणीव असते हे सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा, हा शंकेखोर प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. रेम झोपेत शरीर निश्चल असले तरी डोळे हलू शकतात. याच गोष्टीचा उपयोग करून इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये ॲलन वर्स्ली या स्वप्नसाधकाचे संकेत नोंदवले. झोपण्यापूर्वी ठरल्याप्रमाणे वर्स्ली यांनी स्वप्नातच डोळे डावीउजवीकडे ठरावीक वेळा फिरवले आणि त्या वेळी ते रेम झोपेतच होते, हे यंत्राने दाखवले. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे असेच प्रयोग करून ते १९८१ मध्ये प्रसिद्ध केले.

२०२१ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार गटांचे संयुक्त संशोधन आले. यात संशोधकांनी झोपलेल्या व्यक्तींना प्रश्न विचारले, अगदी आठातून सहा वजा करण्यासारखे, आणि उत्तरे डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालींनी मिळवली. ३६ व्यक्ती सहभागी होत्या. सजगतेची खूण मिळाल्यानंतर केलेल्या १५८ प्रयत्नांपैकी १८.४ टक्के प्रयत्नांत अचूक उत्तर आले. आकडा लहान आहे, पण झोपलेल्या माणसाशी संवाद होऊ शकतो हे सिद्ध करण्यास तो पुरेसा ठरला.

झोप लागण्याच्या क्षणाचाही अभ्यास झाला आहे. २०२१ मध्येच पॅरिस येथील संशोधकांनी १०३ जणांना एक गणिती कोडे दिले. त्यात उत्तराकडे नेणारा एक छुपा नियम होता. मधल्या विश्रांतीत जे केवळ झोपेच्या उंबरठ्यावर किमान १५ सेकंद रेंगाळले, त्यांपैकी ८३ टक्के लोकांना तो नियम सापडला. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के, तर अधिक खोल झोपेत गेलेल्यांत १४ टक्के होते. जेवणानंतर वामकुक्षी घेताना एखादी अडलेली गोष्ट एकाएकी सुचावी, हा आपल्याकडील जुना अनुभव या निष्कर्षाशी जुळणारा आहे.

आपल्या परंपरेतील स्वप्न आणि साक्षी

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. अवघ्या बारा मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींना व्यापून असणारे तुरीय अशी विभागणी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातील ३८ वे सूत्र स्वप्न आणि निद्रा यांतील ज्ञानाचा आधार घेऊनही चित्त स्थिर करता येते, असे सुचवते. तिबेटी बौद्ध परंपरेत तर स्वप्नयोग हा नारोपांच्या षड्‌योगांपैकी एक मानला जातो.

वारकरी परंपरेत स्वप्नाला मोठे स्थान आहे. तुकाराम महाराजांना बाबाजी चैतन्यांचा गुरूपदेश स्वप्नात झाला. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, असेही त्यांचे अभंग सांगतात. पुढे संत बहिणाबाईंना तुकारामांचा अनुग्रह कोल्हापुरात स्वप्नातच मिळाला आणि आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी तो सांगितला. या अनुभवांना सजग स्वप्न म्हणण्याची घाई मात्र करू नये. तेथे स्वप्न हे कृपेचे द्वार आहे. तंत्राने घडवून आणलेली अवस्था नव्हे.

अरबी जगातही स्वप्नविचाराची परंपरा समृद्ध आहे. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात झोपण्यापूर्वी विशिष्ट शब्द उच्चारून इच्छित विषयाचे स्वप्न मागण्याच्या पद्धतीचा उल्लेख केला आहे आणि ती स्वतः अनुभवल्याचेही नोंदवले आहे. संकल्प करून झोपणे ही अशी अनेक संस्कृतींतील सामाईक युक्ती आहे.

झोपेच्या उंबरठ्यावर जागे राहण्याची आज सर्वाधिक परिचित भारतीय पद्धत म्हणजे योगनिद्रा. मुंगेर येथील बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी विसाव्या शतकात न्यासाच्या तांत्रिक विधीवरून तिला सध्याचे रूप दिले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. करुणा दत्ता आणि सहकाऱ्यांनी तिचा मेंदूलहरींच्या आधारे अभ्यास केला असून त्यांचा एक महत्त्वाचा प्रबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. योगनिद्रेत व्यक्ती तांत्रिक निकषांनुसार जागीच होती. तरीही मेंदूच्या मध्यवर्ती भागात गाढ झोपेशी निगडित मंद लहरी वाढल्या. मेंदूचा एक भाग विसावलेला आणि जाणीव टिकून, अशा या स्थितीला संशोधकांनी 'स्थानिक झोप' म्हटले आहे.

साधनेच्या पद्धती

पहिली पायरी स्वप्नवहीची. उशाशी वही ठेवावी. जाग येताच हालचाल न करता स्वप्न आठवावे आणि मगच लिहावे. फोन हाती घेतला की पहिला संदेश वाचताच स्वप्न विरते. दोनतीन आठवड्यांत काही गोष्टी पुनःपुन्हा दिसू लागतात: सुटलेले विमान, हरवलेला पासपोर्ट, शाळेची परीक्षा, किंवा सांगलीच्या वाड्याबाहेर अचानक दिसणारा जुमैराचा समुद्र. या स्वप्नखुणा होत. विसंगती ओळखणे हेच सजगतेचे बीज आहे.

दुसरी पायरी वास्तवपरीक्षेची. दिवसातून आठदहा वेळा, मनापासून, 'मी या क्षणी स्वप्नात तर नाही ना?' असे विचारावे आणि तपासून पाहावे. नाक चिमटीत धरून श्वास घ्यावा. स्वप्नात तो बहुधा घेता येतो. एखादी पाटी वाचून नजर हटवावी व पुन्हा वाचावी. स्वप्नात अक्षरे बदलतात. ही कृती यांत्रिक झाली तर स्वप्नातही ती यांत्रिकपणेच होते आणि काहीच उमगत नाही.

तिसरी पायरी संकल्पाची. लाबर्ज यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत, रात्री मध्येच जाग आल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे. त्यातील एखाद्या खुणेपाशी आपण सजग झालो अशी कल्पना करावी आणि 'पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे' हा संकल्प झोप लागेपर्यंत मनात धरावा.

चौथी गोष्ट म्हणजे वेळ. झोप लागल्यापासून सुमारे पाच तासांनी उठून थोडा वेळ जागे राहावे आणि पुन्हा झोपावे. यामुळे संकल्प आणि रेमचे लांब टप्पे जवळ येतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात डेन्हॉम ॲस्पी यांनी केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वास्तवपरीक्षा, पाच तासांनंतरची जाग आणि संकल्प हे तिन्ही उपाय एकत्र करणाऱ्या गटाला एका आठवड्यात सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश मिळाले. संकल्पानंतर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. याचा अर्थ लक्षात घ्यावा. अंथरुणात तळमळत संकल्प घोकणाऱ्यापेक्षा सहज झोपी जाणाऱ्याला यश अधिक मिळते.

पाचवी आणि सर्वांत अवघड पद्धत म्हणजे जागेपणातून थेट स्वप्नात शिरणे. देह झोपी जाऊ द्यावा आणि जाणीव तेवढी राखावी. डोळ्यांपुढे प्रथम रंगांचे ठिपके, मग तुटक आकृती, चेहरे, आवाज येतात. त्यांना पकडू नये, हुसकूही नये. श्वास मोजत साक्षीभावाने पाहत राहिल्यास ती चित्रे जुळून दृश्य तयार होते. रात्री प्रथम झोपताना हा प्रयत्न बहुधा फसतो, कारण त्या वेळी शरीर गाढ झोपेकडे निघालेले असते. पहाटेच्या दुसऱ्या झोपेत तो साधण्याची शक्यता अधिक. योगनिद्रेचा सराव येथे उपयोगी पडतो.

स्वप्नात जाणीव झाली की आनंदाच्या भरात जाग येते, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव. अशा वेळी स्वप्नातच दोन्ही तळहात एकमेकांवर चोळावेत, भिंतीला वा जमिनीला स्पर्श करावा आणि घाई करू नये.

अमिरातीतील वेळापत्रक

आता प्रश्न व्यवहाराचा. भारतापेक्षा येथील घड्याळ दीड तास मागे आहे. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांशी ज्यांचे काम जोडलेले आहे, त्यांचा दिवस येथे सकाळी आठलाच सुरू होतो. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्याला वाहतुकीची कोंडी टाळण्यासाठी त्याहून कितीतरी आधी निघावे लागते. रात्री युरोप-अमेरिकेच्या बैठका आणि गावाकडचे फोन. अशा पाच-साडेपाच तासांच्या झोपेत पाचव्या तासाला गजर लावणे म्हणजे साधना नव्हे. ती उरलीसुरली झोप मोडणे होय. दुसऱ्या दिवशी शेख झायेद मार्गावर गाडी चालवायची असेल तर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. चाकामागे लागलेली डुलकी स्वप्नखूण दाखवून येत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवावा: कामाच्या दिवसांत केवळ स्वप्नवही, वास्तवपरीक्षा आणि झोपताना संकल्प. झोपमोडीचा प्रयोग सुट्टीच्या पहाटेपुरताच. जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या संघीय शासनाची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. अनेक खासगी आस्थापनांनीही शनिवार-रविवारचीच सुट्टी स्वीकारली आहे. ज्यांना ती मिळते त्यांनी शुक्रवारी रात्री अकराच्या आत झोपावे आणि शनिवारी गजर लावू नये.

येथील जीवनात पहाटेची एक हाक आधीच आहे. दुबईत फज्रची अजान जूनमध्ये चारच्या सुमारास, तर डिसेंबर-जानेवारीत साडेपाचच्या आसपास होते. उन्हाळ्यात अकराला झोपलेल्या माणसासाठी ती बरोबर पाचव्या तासाला येते. मशिदीजवळ राहणाऱ्यांना जाग येतेच. त्यावर वैतागण्याऐवजी तेवढ्यात स्वप्न टिपून, संकल्प करून कूस बदलता येईल. रमजानात सहरीसाठी उठून पुन्हा झोपणाऱ्या कोकणी मुसलमान कुटुंबांच्या दिनक्रमात ही दोन टप्प्यांची झोप सहजच येते. मात्र तेथेही एकूण झोप पुरी होते की नाही, हे आधी पाहावे.

पाळीत काम करणारे परिचारक, वैमानिक, विमानतळावरील आणि तेलक्षेत्रातील कर्मचारी यांची जैविक लय आधीच विस्कटलेली असते. त्यांनी पाळी बदलण्याच्या आठवड्यात कोणताही प्रयोग करू नये. वीस मिनिटांची योगनिद्रा त्यांना अधिक हितावह ठरेल. मात्र तीही झोपेची जागा घेऊ शकत नाही.

छातीवरचे ओझे

जागेपणातून स्वप्नात शिरण्याच्या प्रयत्नात कधी कधी निद्रापक्षाघाताचा अनुभव येतो. मन जागे होते, पण रेम झोपेतील स्नायूंचे कुलूप अजून निघालेले नसते. हलता येत नाही, ओरडता येत नाही, खोलीत कोणीतरी आहे किंवा छातीवर बसले आहे असे वाटते. आपल्याकडे याला भुताची बाधा म्हटले गेले. अरबी भाषक याला 'जाथूम' म्हणतात आणि त्या शब्दातही दाबून बसण्याचाच भाव आहे. दोन भिन्न संस्कृतींनी एकाच देहस्थितीचे केलेले हे वर्णन आहे. ही स्थिती काही सेकंद ते काही मिनिटांत आपोआप ओसरते. भीती आवरून श्वास संथ ठेवावा आणि पायाचे बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करावा. अपुरी झोप, अनियमित वेळा आणि उताणे झोपणे यांनी हा अनुभव वाढतो. तो वारंवार येत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर निद्राविकारतज्ज्ञांना भेटावे.

कोणी थांबावे

सिझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार किंवा वास्तवाचे भान सुटण्याचे अनुभव आलेल्यांनी ही साधना मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याविना करू नये. दीर्घकालीन निद्रानाश असणाऱ्यांनी झोपमोडीची पद्धत टाळावी. त्याउलट, वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर सजग स्वप्नांचा उपचार म्हणून विचार केला जातो. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१८ च्या निवेदनात त्याचा संभाव्य उपायांत समावेश केला आहे. प्रथम पसंती मात्र जागेपणी दुःस्वप्नाचा शेवट बदलून त्याची मनात उजळणी करण्याच्या पद्धतीला दिली आहे, आणि तिच्यासाठी झोप मोडावी लागत नाही.

औषधांबाबत विशेष दक्षता हवी. गॅलँटामीन या अल्झायमरवरील औषधाने सजग स्वप्नांचे प्रमाण वाढते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२१ जणांच्या अभ्यासात दिसले. परंतु हृदयाचे ठोके मंदावण्यासह त्याचे दुष्परिणाम आहेत. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. शिवाय झोपेच्या व मनोविकारांच्या अनेक गोळ्या अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात. भारतातून त्या आणताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि शासनाची पूर्वपरवानगी लागते. नातेवाइकांच्या सामानातून गोळ्या मागवण्याची सवय येथे कायद्याच्या कचाट्यात अडकवू शकते.

ही जाणीव कशासाठी

सजग स्वप्नात उडता येते, समुद्र ओलांडता येतो. परदेशी राहणाऱ्या माणसाला याहून मोठा मोह असतो: गावच्या घरी जाण्याचा, ज्यांच्या अंत्यदर्शनाला पोहोचता आले नाही त्यांना भेटण्याचा. असे स्वप्न पडल्यास त्यात काही वावगे नाही. भेटलेली व्यक्ती आपल्याच स्मृतीतून उभी राहिली आहे, एवढे भान ठेवले तर मनात राहून गेलेले बोलता येते आणि जागे झाल्यावर मन हलके होऊ शकते. ते भान सुटून दिवसही त्या भेटीच्या प्रतीक्षेत जाऊ लागला, तर साधना थांबवून जवळच्या माणसाशी बोलावे.

सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी पहिला महिनाभर एकच काम करावे: रोज पूर्ण झोप घ्यावी आणि सकाळी आठवेल तेवढे स्वप्न लिहावे. महिन्याअखेरीस सजग स्वप्न पडले नाही, तरी कापली गेलेली पहाट परत मिळालेली असेल.